समुद्राचं डिबगिंग

आमच्या टीममधल्या एकाला जेवताना वाद घातल्याशिवाय अन्न पचत नाही. परवा विषय निघाला तापमानवाढीचा. "अरे, २००६ मध्ये नासाच्याच माणसाने समुद्र थंड होतोय असं दाखवलं होतं. मग गुपचूप आकडे बदलले. शोधून बघ!" म्हटलं बघूच. अख्खा शनिवार त्यात गेला, पण जे सापडलं ते आपल्या धंद्यातल्या मंडळींना सांगण्यासारखं आहे.

आधी समुद्रच का ते सांगतो. आपण बोलतो ते हवेच्या तापमानाबद्दल, पण हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकते त्यातली हवेत राहते जेमतेम १ टक्का. १९७१ ते २०१८ या काळात सुमारे ९१ टक्के समुद्रात गेली, ५ टक्के जमिनीत आणि ३ टक्के बर्फ वितळवण्यात. समुद्राचा वरचा तीनेक मीटरचा थर सगळ्या वातावरणाएवढी उष्णता धरतो म्हणे! त्यामुळे खरा मीटर पाण्यात आहे. तो थंडी दाखवत असेल तर आमच्या मित्राचं म्हणणं हसण्यावारी नेता येणार नाही.

हा मीटर म्हणजे आर्गो फ्लोट. माणसाच्या उंचीच्या आसपासचं एक नळकांडं. ते हजार मीटर खोल जाऊन नऊ-दहा दिवस वाहत राहतं, मग दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान, क्षारता आणि दाब मोजत वर येतं आणि उपग्रहाला डेटा पाठवून परत बुडतं. पोटातलं तेल बाहेरच्या फुग्यात ढकललं की वर, आत ओढलं की खाली. बास, एवढंच यंत्र! सगळ्या महासागरांत मिळून असे चारेक हजार फ्लोट आहेत. आपल्याकडचा डेटा हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था सांभाळते.

आता तो २००६ चा पेपर. लायमन, विलिस आणि जॉन्सन या तिघांचा. २००३ ते २००५ मध्ये समुद्राचा वरचा ७५० मीटरचा थर थंड झाला असं त्यात होतं. पण इतर आकडे जुळेनात. उपग्रह सांगत होते की समुद्राची पातळी वाढतेच आहे. पाणी थंड झालं तर आकसायला हवं. मग पातळी वाढली कशी? शिवाय पृथ्वीवर येणारी आणि परत जाणारी ऊर्जा मोजणारे उपग्रहही थंडीच्या बाजूने बोलत नव्हते.

मग जोश विलिसने आपल्याच डेटात बग शोधायला घेतला. सापडले दोन. काही फ्लोटमध्ये (बरेचसे अटलांटिकमधले) मोजलेलं तापमान चुकीच्या दाबाशी, म्हणजे चुकीच्या खोलीशी जोडलं जात होतं. खालच्या थंड पाण्याचा आकडा वरच्या पाण्याच्या नावावर! आपल्या भाषेत, दोन कॉलम एकमेकांवरून सरकले होते. दुसरा बग जुना. आर्गोच्या आधी जहाजावरून तांब्याच्या तारेला लावलेलं एक-वेळ-वापराचं उपकरण पाण्यात सोडायचे. त्याला एक्सबीटी म्हणतात. त्यात दाबाचा सेन्सरच नाही, पडायला किती सेकंद लागले त्यावरून खोली ठरवायची. त्याचे आकडे थोडे जास्त उबदार यायचे. एकीकडे उबदार दाखवणारी जुनी उपकरणं कमी होत गेली, दुसरीकडे थंड दाखवणारे बिघडलेले फ्लोट मिसळले. झाला समुद्र थंड :)

२००७ मध्ये दुरुस्ती रीतसर छापून आली, त्याच लेखकांच्या नावाने. त्यामुळे 'गुपचूप' हा शब्द तरी मागे घ्यायला हवा.

'आकडे बदलले' हे मात्र खरंच आहे की! पण प्रॉडक्शनमध्ये बग फिक्स केल्यावरही रिपोर्टमधले आकडे बदलतातच. ते सोयीसाठी बदलले की कारण सापडलं म्हणून, हे कसं ओळखायचं? मी तरी अशा वेळी दुसऱ्या सिस्टिमशी ताळा करतो. इथे तो ताळा बर्फाने दिला. २००२ मध्ये सोडलेले ग्रेस नावाचे जुळे उपग्रह एकमेकांमधलं अंतर मोजत जायचे आणि खाली वस्तुमान कुठे घटलं, कुठे वाढलं ते त्यावरून कळायचं. २०१७ मध्ये ते बंद झाले, २०१८ पासून दुसरी जोडी ते काम करते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा किती बर्फ समुद्रात गेला ते यांनी सांगायचं, पाणी तापून किती फुगलं ते आर्गोने. दोन्हींची बेरीज तिसऱ्याच उपग्रहाने मोजलेल्या पातळीशी जुळायला हवी. सुरुवातीला नीट जुळत नव्हती, पुढच्या काही वर्षांत जुळली. २००६ ते २०१८ मध्ये पातळी वर्षाला सुमारे ३.७ मिमी वाढली. त्यात पाणी फुगण्याचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा जास्त, उरलेला बहुतेक जमिनीवरच्या बर्फाचा.

बर्फाला ३ टक्केच उष्णता जाते म्हणून हायसं वाटून घेऊ नका हं. शून्य अंशाच्या किलोभर बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापेल. बर्फ ती गिळतो आणि थर्मामीटर हलत नाही. अंटार्क्टिकाच्या कडेचे तरंगते हिमथर तर खालून शिरणाऱ्या कोमट पाण्यानेही झिजतायत. हवा गार झाली तरी ते पाणी लगेच गार होणार नाही. समुद्रात खोल मुरलेली उष्णता बाहेर यायला शतकं लागतात.

आणि हे सगळं दोन हजार मीटरपर्यंतचं. समुद्राची सरासरी खोली आहे ३७०० मीटरच्या आसपास. सहा हजार मीटरपर्यंत जाणारे नवे फ्लोट आता हळूहळू सोडले जातायत, पण संख्येने अजून थोडे. जहाजांवरून तळापर्यंत केलेल्या मोजणीत अंटार्क्टिकाजवळचं तळाचं पाणीसुद्धा तापताना दिसलंय.