जावरचा शोध नेमका कोणी लावला?

भूवैज्ञानिक डोंगरावर पोहोचण्यापूर्वीच त्याचे निम्मे काम कोणीतरी करून ठेवले असेल, तर शोधाचे श्रेय कोणाचे? उदयपूरच्या दक्षिणेस, अरवलीतील जावर येथे डोंगर आतून पोखरलेले आणि बाहेर धातुमळीचे ढिगारे. येथील शिसे-जस्ताच्या खनिजात चांदीही असते. जुन्या खाणींत सापडलेल्या लाकडाचे कार्बन-कालमापन दोन हजार वर्षांहून मागे जाते.

शिसे वितळवून काढणे त्यामानाने सोपे. खरी कसोटी जस्ताची. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, आणि खनिजातून सुटे होण्यास त्याहूनही अधिक उष्णता लागते. म्हणजे धातू हाती येतो तो वाफेच्या रूपात, आणि त्या वाफेला हवा लागली की उरते पांढरी भुकटी! जावरच्या कारागिरांनी मातीच्या मुशी तोंड खाली करून भट्टीत रचल्या, एका भट्टीत ३६. वरच्या बाजूस आच, खाली गारवा. वाफ मुशीच्या नळीतून खाली उतरे आणि तेथेच थिजे. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात अशा मुशीला वृंताकमूषा म्हटले आहे. वृंताक म्हणजे वांगे, आणि आकारही तसाच. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट मिळाले ते १७३८ मध्ये.

विसाव्या शतकात येथे पुन्हा खाणकाम सुरू झाले, ते याच जुन्या खोदकामांच्या परिसरात. त्याला ‘शोध’ म्हणणे जरा धाडसाचेच. मूळ शोधकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. वापरून झालेल्या मुशी मात्र लोकांनी विटांसारख्या घरांच्या भिंतींत रचल्या.