टाके हनुवटीला, मोड कानापाशी

आमच्या लेकीच्या हनुवटीवरचा वण आता शोधावा लागतो. पण ज्या दवाखान्यात टाके घातले, तिथे तिला कुणीही 'आ कर' म्हटलं नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ती तेव्हा दुसरीत होती. शाळेच्या पायऱ्यांवरून धावताना पडली, हनुवटी फुटली. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात नेलं. टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दुखण्यावर औषध दिलं. ती सारखी डाव्या कानापाशी हात नेत होती. मी तसं सांगितलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिली, "कानाला काही नाही" म्हणाले आणि आम्हाला घरी पाठवलं.

घरी पोर पोळीला हात लावेना. वरणभात न चावता गिळायची. आरशासमोर उभी राहून एकदा म्हणाली, "आई, माझे दात पहिल्यासारखे बसत नाहीत गं." तोंड उघडताना तिची हनुवटी डावीकडे सरकायची, आणि धड दोन बोटं मावतील एवढंही तोंड उघडत नव्हतं. टाके काढायला गेलो तेव्हा हे सगळं मी त्याच डॉक्टरांना पुन्हा सांगितलं. उत्तर मिळालं, "सूज आहे, उतरेल. मुलं नाटकं करतात, फार लाड करू नका." सात वर्षांची मुलगी आपले दात जुळत नाहीत असं नेमकं सांगते आणि मोठी माणसं त्याला नाटक म्हणतात! हे मला आजही सहन होत नाही.

शेवटी गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तोंड उघडायला लावलं, दोन्ही कानांच्या पुढे बोटं ठेवून पाहिलं आणि ताबडतोब जिल्ह्याला जबड्याच्या (मॅक्सिलोफेशियल) सर्जनकडे धाडलं. संपूर्ण जबड्याच्या (ओपीजी) एक्स-रेमध्ये दिसलं, की डाव्या सांध्याशी जबड्याची मान मोडली आहे. हनुवटीवर बसलेला मार जबड्याच्या हाडातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो. त्यामुळे जखम एकीकडे आणि मोड दुसरीकडे, हे लहान मुलांत बऱ्याचदा घडतं.

माझ्या दिरांचा जबडा आदल्या वर्षी मोटरसायकलवरून पडून दोन जागी मोडला होता. त्यांचा त्याच रात्री सीटी स्कॅन झाला, मग टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्या, वरचे-खालचे दात तारेने बांधले. सगळं खाणं पातळ, आणि उलटी झाली तर तारा तोडायला उशाशी कटर. खालचा ओठ कित्येक महिने बधिर होता. हे पाहिलेलं असल्यामुळे सर्जन म्हणाले, "हिला ऑपरेशन नको", तेव्हा मला वाटलं, पोरीच्या वाट्याला इथेही टाळाटाळच आली.

पण त्यांनी समजावलं. मुलांच्या जबड्यात कायमच्या दातांचे कोंब असतात, पट्टीचा स्क्रू त्यांत घुसू शकतो. दुधाच्या दातांवर तार नीट टिकत नाही. मोठ्यांचं हाड जुळायला चार ते सहा आठवडे लागतात, मुलांचं दोन-तीन आठवड्यांत जुळतं. मुलांचा सांधा फार काळ हलला नाही तर तो कवटीला चिकटून बसू शकतो. म्हणून थोडे दिवस मऊ जेवण आणि मग तोंड उघडण्याचा व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायची आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. रडत रडत तिने ते केलं.

तिथेच बाहेर एक मुलगा बसला होता. लहानपणी पडला, तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. सांधा चिकटला, हनुवटीची वाढ खुंटली, दातांत काडीही जात नव्हती. त्याला पाहिल्यापासून मला झोप येईना.

आता कधी वाटतं, त्या दिवशीच मोड सापडला असता तरी उपचार बहुधा हेच झाले असते, मग इतका राग कशाला? दवाखान्यात एकच डॉक्टर, दाराशी अपघाताचे पेशंट, हेही मी पाहिलं होतं. पण लगेच तो मुलगा आठवतो.

म्हणून सांगते. मूल हनुवटीवर पडलं तर टाके घालून लगेच घरी जाऊ नका. तोंड पूर्ण उघडतं का, हनुवटी एका बाजूला जाते का, दात पूर्वीसारखे जुळतात का, कानापुढे दाबल्यावर दुखतं का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. शंका राहिली तर एक्स-रे मागा. बरं झाल्यावरही, वाढ पूर्ण होईपर्यंत, तपासणी चुकवू नका. आणि मूल 'दात बसत नाहीत' म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवा.