महालेच्या रानातील कडू औषध

आफ्रिकेतील टांझानिया देशात टांगानिका सरोवराच्या पूर्वकाठी महालेचे डोंगर आहेत. तेथील राष्ट्रीय उद्यानात मोटारीचे रस्ते नाहीत. सरोवरातून होडीने जायचे. काठाशीच दाट रान लागते. त्यात चिंपांझी राहतात.

१९८७ च्या नोव्हेंबरात संशोधक मायकेल हफमन आणि तेथील टोंगवे जमातीचे जाणते वैदू मोहमदी सैफू कलुंदे यांना चाऊसिकू नावाची आजारी मादी दिसली. ती सारखी पडून राही. मध्येच उठून ती एका झुडपाशी गेली. फांदी मोडून तिने पाला व साल टाकून दिली आणि आतला कडू गाभा चघळून रस गिळला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हिंडू-खाऊ लागली. कलुंदे यांनी झुडूप लगेच ओळखले. टोंगवे लोक पोटदुखीवर व जंतांवर तेच देतात.

कलुंदे यांच्या आजोबांना तर एक औषध साळिंदराने दाखविले. गावात रक्ताची हगवण पसरली होती. तसाच आजार झालेले साळिंदराचे पिल्लू एक मूळ खाऊन बरे झालेले त्यांनी पाहिले. ते मूळ आधी त्यांनी स्वतः खाल्ले, मग गावाला दिले.

जंतांवर देतात ते आपले कडू जिरे त्या झुडपाच्याच कुळातले. पण उगाच कोणताही पाला ओरबाडून खाऊ नका. चाऊसिकूने टाकलेल्या पाल्यात विषारी अंश असतो. काय खावे याबरोबर काय टाकावे, हेही कळले पाहिजे. तुमच्या घरी असे जाणते कोणी असेल, तर मुलांना त्यांच्याबरोबर रानात पाठवा.