वाढत्या अंगाचा गी

मापाच्या बाबतीत आमचं घराणं पहिल्यापासून दूरदृष्टीचं. आमच्याकडे कपडा कधी आजच्या अंगाला घेतला जात नसे. आणखी तीन वर्षांनी जे अंग येणार, त्या अंगासाठी तो आजच घेऊन ठेवला जाई. 'वाढत्या अंगाचं दाखवा' हे वाक्य आमचे अण्णा दुकानाची पायरी चढतानाच म्हणत. त्यामुळे पाचवीत घेतलेली माझी खाकी चड्डी सातवीत मापात आली आणि त्याच आठवड्यात मागून विरली. कपडा आणि मी एकाच वेळी एकाच मापाचे आहोत, असा योग माझ्या बालपणी सहसा आलाच नाही.

हा वारसा आपल्यापर्यंत येऊन थांबला असेल अशी माझी समजूत होती. ती समजूत माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या, कराटेने मोडून काढली.

"बाबा, मला गी हवाय," दहा वर्षांची मुक्ता एके दिवशी म्हणाली.

"काय हवाय?" कोपऱ्यातून अण्णांनी विचारलं. अण्णा आता शहाऐंशीचे आहेत, पण खरेदीचा विषय निघाला की त्यांचे कान तिशीतले होतात.

"गी. कराटेचा ड्रेस."

"गीतेतला 'ता' कोणी काढला?" असं म्हणून अण्णा पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. मात्र मी चपला घालताना मागून आवाज आलाच, "वाढत्या अंगाचा घे रे!"

गी विकत घेणं म्हणजे सदरा आणि लेंगा विकत घेणं, अशी माझी कल्पना होती. दुकानदाराने मुक्ताला आपादमस्तक न्याहाळलं.

"उंची किती?"

"एकशे चौतीस," मुक्ता म्हणाली. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीची रेघ मारायची आमच्याकडे पद्धत आहे, त्यामुळे ही माहिती पाठ असते.

"शून्य नंबर 130 सेंटिमीटरला, एक नंबर 140 ला. एक नंबर न्या."

मग त्याने मला सगळा तक्ताच वाचून दाखवला. 150 ला दोन, 160 ला तीन, अशी ही शिडी वर जाते. शून्याच्या खाली डबल शून्य आणि त्याच्याही खाली ट्रिपल शून्य. शून्याचा शोध लावल्याबद्दल आपण एवढी छाती फुगवतो. पण तीन शून्यं एकापुढे एक मांडून ती बालवर्गातल्या पोरांच्या अंगात घालायचं आपल्याला नाही सुचलं. बरं, हे नंबरही सगळ्या कंपन्यांचे एकसारखे नसतात. एकीचा दोन तो दुसरीचा तीन. म्हणून नंबर न विचारता उंची विचारायची, असं तो म्हणाला.

"आणि पोट?" मी विचारलं.

"पोटाला नाडी असते," तो माझ्या पोटाकडे बघत म्हणाला.

नंतर औंस निघाले. आठ औंसाचा देऊ की बारा? औंस हा शब्द मी लहानपणी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर वाचला होता, त्यानंतर आत्ताच. कापडाचं वजन औंसात सांगतात. आठ औंसाचं हलकं, बाराचं मध्यम, चौदाचं जाड. जाड कापडाचा गी घातलेला जाणकार हवेत ठोसा मारतो तेव्हा बाहीचा 'फाट्' असा आवाज येतो. परीक्षकांना तो ऐकायला बरा वाटतो. नवशिक्या मुलांना मात्र हलकंच बरं, घाम कमी येतो आणि अंग मोकळं राहतं.

एवढं सगळं त्या भल्या माणसाने समजावून सांगितलं. मी ते लक्ष देऊन ऐकलं आणि बारा औंसाचा, तीन नंबरचा गी घेतला. जाड असल्यामुळे टिकेल आणि मोठा असल्यामुळे चार वर्षं निघतील, असा हिशेब. दुकानदार काही बोलला नाही. माझ्यासारखी गिऱ्हाइकं त्याने खूप पाहिली असावीत.

घरी आल्यावर मुक्ताने तो घातला. म्हणजे ती त्याच्या आत गेली. बाह्यांतून हात बाहेर यायला तयार नव्हते आणि विजार पावलांच्या पुढे चार बोटं चालत होती.

"बुजगावणं दिसतंय," सौभाग्यवतींनी निकाल दिला. मग तिने बाह्या दुमडल्या, विजार दुमडली, ब्लाउज नेसवावा तशी सदऱ्याची उजवी बाजू डावीवर घेतली आणि पट्टा बांधून मुलीला क्लासला धाडलं.

मुक्ता परत आली ती गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, डावी बाजू वर घ्यायची असते. उजवी वर घेतलेली जपानात फक्त मेलेल्या माणसाला घालतात."

सौभाग्यवती मटकन खाली बसल्या.

पुढच्या आठवड्यात मुक्ताचं पोट दुखलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात डोकं. कराटेचे वार सोडून इतर वारी तिला काही होत नव्हतं. शेवटी मी क्लासच्या सरांना जाऊन भेटलो. तेव्हा कळलं, की समोर लाथ मारताना विजारीचा घोळ टाचेखाली आला आणि पोरगी सगळ्यांसमोर आपटली. मुलं हसली. लाथ तिला उत्तम येते, असं सर म्हणाले. "अडचण पायाची नाही, विजारीची आहे."

सरांनी मग मला खाली बसवून कराटेच्या कपड्याचं बौद्धिक घेतलं. हा खेळ मूळचा ओकिनावा बेटाचा. तिथे पूर्वी रोजच्या साध्या कपड्यांतच सराव चाले. 1922 मध्ये गिचिन फुनाकोशी नावाचे तिथले शाळामास्तर कराटे दाखवायला तोक्योला गेले. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी त्यांना आपल्या कोदोकानात प्रात्यक्षिकाला बोलावलं. कराटेचा पांढरा वेश ज्यूदोच्या वेशावरूनच आला. ज्यूदोत एकमेकांची गचांडी धरायची असते म्हणून तिथलं कापड भरभक्कम; कराटेत हातपाय झटकायचे म्हणून इथलं हलकं. म्हणजे एका मास्तराने लोकांना झेपेल असा गणवेश शोधला आणि शंभर वर्षांनी मी तो चार वर्षं पुरेल अशा बेताने विकत घेतला!

"स्पर्धेत तर दुमडलेली बाही चालतच नाही," सर सांगत होते. जागतिक संघटनेचा नियमच आहे. बाही मनगटाच्या खाली जाता कामा नये आणि कोपर-मनगटाच्या मध्यापेक्षा वर राहता कामा नये. विजारीने निदान दोन तृतीयांश नडगी झाकावी, पण घोट्याच्या हाडाखाली उतरू नये. सदऱ्याने कंबर झाकावी, मात्र मांडीच्या पाऊण भागाखाली लोंबू नये.

"आणि दुकानात बघायचं कसं? उभं राहून आरशात बघू नका. दोन्ही हात वर करा. सदरा पट्ट्यातून निसटला तर तोकडा. एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाका. मांडीला कापड ताणलं तर अरुंद. मग एक उंच लाथ मारून बघा. करून दाखवा पाहू."

मी हात वर केले. शर्ट निसटला. पाय पुढे टाकून वाकलो, तेव्हा माझ्या पँटीने मागच्या बाजूने एक बारीकसा, पण निःसंदिग्ध आवाज काढला. लाथेचा आग्रह सरांनी केला नाही.

घरी तोवर नवा प्रयोग होऊन गेला होता. सुती कापड धुतल्यावर आटतं, गरम पाण्यात जास्तच आटतं, हे सौभाग्यवतींच्या कानावर आलं होतं. त्यांनी तो गी कढत पाण्यात बुडवला. आटला, नाही असं नाही. पण तीन बोटं आटला, आम्हाला वीतभर हवा होता. आणि धुतलेला कपडा कुठला दुकानदार परत घेतो?

"वापरेल की दोन-तीन वर्षांनी," मी म्हणालो. तो आवाज माझा होता, पण वाक्य अण्णांचं होतं.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"पोरीला तिच्या मापाचा आणून दे," ते म्हणाले. "माझ्या पेन्शनीतले पैसे घे हवे तर."

"अण्णा, तुम्हीच तर म्हणालात ना, वाढत्या अंगाचा घे म्हणून?"

"म्हणालो. सवय आहे जिभेला." जरा थांबून ते म्हणाले, "तुझ्या चड्ड्या मी मोठ्या घ्यायचो, कारण दुसरी घेण्याइतके पैसे नसायचे. तू मधल्या सुट्टीत एका हाताने चड्डी धरून पळायचास, ते मी शाळेच्या फाटकातून बघितलंय एकदा. पुन्हा त्या बाजूने गेलो नाही."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मी अण्णांकडे बघत राहिलो, आणि इतक्या दिवसांत जे दिसलं नव्हतं ते दिसलं. त्यांच्या शर्टाच्या कॉलरमध्ये दोन बोटं सहज गेली असती. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. बाह्या त्यांनी दोन घड्या घालून दुमडल्या होत्या, थेट मुक्तासारख्या. शर्ट त्यांचेच होते, जुन्या मापाचे. अण्णा मात्र हळूहळू घटत्या अंगाचे झाले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बाहेर पडलो. मुक्ताला एक नंबरचा, आठ औंसाचा गी घेतला. दुकानातच तिने हात वर केले, वाकली आणि एक लाथ अशी मारली की दुकानदाराने काउंटरवरचा चहा उचलून घेतला. तीन नंबरचा आता डांबरगोळ्या घालून कपाटात आहे. चौकटीवरची रेघ 160 ला पोचेल तेव्हा बघू.

तिथून अण्णांच्या जुन्या शिंप्याकडे गेलो. त्याने गळा, खांदा, बाही मोजली आणि सवयीने विचारलं, "अण्णा, थोडं सैल ठेवू का?"

"सैल कशाला?" अण्णा म्हणाले. "आज जेवढा आहे, तेवढ्याच मापाचा शिव."

आठ दिवसांनी शर्ट आला. अण्णांनी तो घातला, तेव्हा मुक्ता त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजोबा, दोन्ही हात वर करा."

अण्णांनी हात वर केले. मुक्ताने पुढून-मागून तपासलं आणि मान डोलावली.

"बसला," ती म्हणाली. "लाथ राहू दे."