बिनपगारी नोकरीचे पेढे

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी एक खटला उभा राहतो. आरोपी कोणती तरी जुनी वस्तू असते, फिर्यादी आमच्या सौभाग्यवती असतात आणि आरोपीचे वकीलपत्र माझ्याकडे असते. संसाराच्या इतक्या वर्षांत मी एकही खटला जिंकलेला नाही. २०२५ च्या दिवाळीत आरोपी होते २०२४ सालचे कालनिर्णय. नव्या कालनिर्णयामागे, त्याच खिळ्याला, ते वर्षभर निमूट लटकत होते.

"हे कशाला ठेवलंय?" हिने विचारले.

"राहू दे. त्यात मुक्ताचे दिवस आहेत," मी म्हणालो.

ते दिवस कसले, ते सांगतो.

मुक्ता ही आमची एकुलती एक मुलगी. मुंबईत स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन ती ऑगस्ट २०२२ मध्ये पर्यावरण अभियांत्रिकीत एम. एस. करायला अमेरिकेत, ओहायो राज्यात गेली. पिण्याचे पाणी शुद्ध कसे करावे, हा तिचा विषय. डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला पाण्याचे महत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. शिक्षणासाठी बँकेकडून ३२ लाखांचे कर्ज काढले आणि तारण म्हणून आमची दोन खोल्यांची जागा लिहून दिली. त्या दिवसापासून सोसायटीत माझी पत वाढली आणि माझी झोप तेवढ्याच प्रमाणात कमी झाली.

आमचा समज असा होता की, परदेशी शिकायला जाण्यात कठीण काय ते प्रवेश आणि व्हिसा. एकदा पदवी हातात पडली की पुढचे आपोआप होते. पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये आणखी एक दार असते, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये मुक्ताने फोनवर सांगितले तेव्हा कळले. विद्यार्थ्याचा व्हिसा शिकण्यासाठी असतो. शिकून झाल्यावर काम करायचे तर निराळा परवाना काढावा लागतो. त्याचे नाव ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग. मुले त्याला ओपीटी म्हणतात. मुदत बारा महिन्यांची. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित शिकलेल्यांना पुढे आणखी चोवीस महिने मिळू शकतात. 'ऑप्शनल' म्हणजे ऐच्छिक, हे ऐकून मला बरे वाटले होते. पण ते घेतले नाही तर साठ दिवसांत एक तर दुसरीकडे शिकायला प्रवेश घ्यायचा, नाही तर देश सोडायचा. ऐच्छिक होते ते एवढेच.

अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. आधी विद्यापीठातल्या अधिकाऱ्याची शिफारस, मग सरकारकडे अर्ज. फी तेव्हा ४१० डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या भावाने चौतीस हजार रुपये. आणि अर्जात एक तारीख आपणच लिहायची, की परवाना अमुक दिवसापासून सुरू व्हावा. ती अभ्यासक्रम संपल्यापासून साठ दिवसांच्या आतली हवी. नोकरीचा पत्ता नाही, पण नोकरीचा मुहूर्त आधी काढायचा! मुलगा ठरायच्या आधी कार्यालय घेण्यासारखेच हे.

"शुभस्य शीघ्रम्," मी सल्ला दिला. "मे महिन्यात परीक्षा संपते ना? दुसऱ्या दिवसाचीच तारीख घाल."

"बाबा, त्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं," मुक्ता म्हणाली आणि तिने १ जुलै लिहिली.

हे घड्याळ असे. परवान्याच्या पहिल्या दिवसापासून नोकरीवाचून गेलेला प्रत्येक दिवस मोजला जातो. शनिवार, रविवार, सणवार, सगळे धरून. वर्षभरात असे एकूण ९० दिवस चालतात. त्याहून अधिक झाले की तिथे राहण्याचा हक्क जातो. नोकरीही कोणतीही चालत नाही. शिकलेल्या विषयाशी संबंध असलेली आणि आठवड्याला किमान वीस तासांची हवी. दुकानात गल्ल्यावर बसून दिवस वाचवता येत नाहीत.

जूनमध्ये परवान्याचे कार्ड टपालाने आले. मुक्ताने त्याचे छायाचित्र पाठवले. हिने चष्मा लावून ते अथपासून इतिपर्यंत वाचले. हे कार्ड देशात पुन्हा प्रवेश करण्यासाठी चालणार नाही, अशा अर्थाची एक ओळ त्यावर होती.

"म्हणजे गणपतीला आलीस तर परत जाता येणार नाही?"

"नुसत्या कार्डावर नाही येणार, आई. व्हिसा हवा, विद्यापीठाची सही असलेला कागद हवा आणि नोकरीचं पत्र हवं. नोकरी नसताना बाहेर पडले तर बाहेरचे दिवसही मोजतात. शिवाय विमानतळावर अडवलं तर?"

गणपतीचा विषय तिथेच संपला.

१ जुलै उजाडला. मी लाल बॉलपेन घेतले आणि कालनिर्णयाच्या चौकोनात '१' लिहिला. एका निमसरकारी कार्यालयाच्या पगार विभागात मी चौतीस वर्षे काढली. हजेरी, रजा, बिनपगारी रजा, खाडे, यांचीच पत्रके करण्यात उमर गेली. दिवस मोजणे हे माझे पोटापाण्याचे काम. ते मी निष्ठेने सुरू केले. रोज सकाळी साडेसातला फोन लावायचा. तिथे आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असत. तिचा दिवस अजून संपलेला नसे, आणि मी इकडे पुढचा आकडा लिहून मोकळा झालेला असे.

"आज किती अर्ज केलेस? कुणाचं उत्तर आलं का?" हे माझे प्रश्न. "जेवलीस का?" हा हिचा एकच प्रश्न, तोही मी फोन खाली ठेवता ठेवता ती लांबून विचारी.

अर्ज ती करीतच होती. पण बहुतेक कंपन्यांच्या अर्जात एक प्रश्न असे : आज किंवा पुढे कधी तुमच्या व्हिसासाठी आम्हाला खटपट करावी लागेल काय? खरे उत्तर 'होय'. ते लिहिले की पुष्कळदा पलीकडे शांतता पसरे.

तीस झाले, पंचेचाळीस झाले, साठ झाले. मुक्ताचा आवाज बारीक होत गेला. मला वाटे, दमली असेल.

७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आली. सकाळी नऊला आरती केली. ही एका हाताने टाळ वाजवीत होती आणि दुसऱ्या हाताने फोन मूर्तीसमोर धरून उभी होती. आरती संपली. मी फोन घेतला आणि म्हणालो, "एकोणसत्तर झाले ना गं?"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग मुक्ता म्हणाली, "अडुसष्ट, बाबा. माझ्याकडे अजून शुक्रवार आहे. अर्धा तास शिल्लक आहे त्यातला." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने फोन उचलला नाही. हिने मोदकांचा डबा झाकून ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिकडे एक सरकार मोजतंय तिचे दिवस. इकडे तुम्ही दुसरं कशाला उघडलंत?"

मला राग आला. बाहेर जाऊन गॅलरीत बसलो. आणि तिथे बसल्या बसल्या, कसे कोण जाणे, १९८५ साल आठवले.

त्या साली मी वाईहून मुंबईला आलो आणि हंगामी कारकून म्हणून लागलो. आमच्या कार्यालयात तेव्हा हंगामी माणसाला २९ दिवसांची ऑर्डर मिळे. तिसाव्या दिवशी खंड, मग मर्जी असेल तर नवी ऑर्डर. त्या खंडाच्या दिवशी मी सबंध दिवस चौपाटीवर काढी, कारण खोलीवर बसलो तर घरमालक विचारील, आज कामावर का नाही? वडील वाईला शाळामास्तर होते. दर आठवड्याला त्यांचे पोस्टकार्ड येई. त्यात पावसाचा मजकूर असे, गाईचा असे, कृष्णेच्या पाण्याचा असे. 'कायम झालास का?' हा प्रश्न दोन वर्षांत एकदाही आला नाही. मला वाटे, मास्तरांना व्यवहार कळत नाही. पुढे ते गेल्यावर आईने सांगितले, "मी म्हणायची त्यांना, विचारा म्हणून. ते म्हणायचे, विचारलं तर पोर खोटं लिहील. मग आपल्याला त्याचं खरं कधीच कळायचं नाही."

त्या रात्री एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी निराळाच हिशेब मांडला. मुक्ता परत आली तर काय? बँकेचा हप्ता सुमारे ३५ हजारांचा. तो सुरू व्हायला अजून काही महिने होते. माझी पेन्शन इतकी. हिच्या शिकवण्या इतक्या. मी दोन दुकानांच्या वह्या लिहिल्या तर इतके. मुदत ठेव मोडली तर पहिले वर्ष निघते. आणि मुलगी इथे हात बांधून थोडीच बसणार होती? हिशेब ओढाताणीचा होता, पण जमत होता. गंमत अशी की, दोन वर्षे त्या कर्जाने माझी झोप उडवली होती, आणि हा साधा हिशेब मी एकदाही मांडलेला नव्हता.

सोमवारी सकाळी तिने फोन उचलला. मी आकडा विचारला नाही. पत्रिका समोर धरून सगळी बेरीज वाचून दाखवली आणि म्हणालो, "तेव्हा ९० झाले तर झाले. घरी ये. जागा जात नाही, आणि गेली तरी आपण भाड्याने राहू. मी भाड्याच्या खोलीतच वाढलोय."

मुक्ता रडत होती हे मला उशिरा कळले. मग ती म्हणाली, "बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?"

आणि मग खरे बाहेर आले. तिच्या प्राध्यापक बाईंनी तिला ऑगस्टमध्येच विचारले होते : प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायला ये, आठवड्याला वीस तास. पगार देता येणार नाही. पहिल्या बारा महिन्यांत असे आपल्या विषयातले बिनपगारी कामही नियमाला चालते. म्हणजे त्याच दिवशी घड्याळ थांबले असते. तिने नाही म्हटले होते. का? "बत्तीस लाख डोक्यावर असताना फुकट काम घेतलं, हे तुम्हाला सांगायचं कसं, बाबा?"

म्हणजे ऑगस्टपासूनचे लाल आकडे अमेरिकेच्या सरकारने लिहिलेले नव्हते. ते माझ्याच हातचे होते.

बाईंनी जागा अजून भरलेली नव्हती. सोमवारी, १६ सप्टेंबरला, मुक्ता प्रयोगशाळेत रुजू झाली आणि तिने ती नोंद सरकारी संकेतस्थळावर केली. आकडा ७७ वर थांबला. १३ दिवस शिल्लक राहिले. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मी अर्धा किलो पेढे आणले आणि सोसायटीत वाटले.

"पगार किती?" खालच्या मजल्यावरच्या जोश्यांनी पेढा तोंडात टाकत विचारले.

"शून्य," मी म्हणालो.

जोशी पेढा चघळायचे थांबले. चौतीस वर्षे पगारपत्रके केलेला माणूस मुलीला बिनपगारी नोकरी लागली म्हणून पेढे वाटतो आहे, हे त्यांच्या हिशेबात बसेना. माझ्या हिशेबात मात्र तो अर्धा किलो अगदी चोख बसला होता.

पुढची हकीकत थोडक्यात. प्रयोगशाळेतल्या कामाच्या जोरावर जानेवारी २०२५ मध्ये, संक्रांतीच्या आठवड्यात, तिला एका लहानशा कंपनीत पगाराची जागा मिळाली. गावोगावची जलशुद्धीकरण केंद्रे तपासण्याचे काम. मार्चमध्ये कंपनीने एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीत तिचे नाव घातले. वर्षाला ६५ हजार जागा सर्वसाधारण, आणि तिथेच एम. एस. किंवा वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. नंबर लागला नाही. मग चोवीस महिन्यांची वाढ घेतली. त्यासाठी कंपनीला तिच्या प्रशिक्षणाची योजना लिहून सही करावी लागली. या वाढीव मुदतीत बिनपगारी काम चालत नाही. ती मुदत जून २०२७ अखेरपर्यंतची. मध्येच सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा जोश्यांनी मला जिन्यात गाठले. "मुक्ताचं काय आता?" मी म्हणालो, "बरी आहे. काल पिठलं केलं होतं तिने."

पुढे काय होईल हे मला ठाऊक नाही आणि मी विचारीतही नाही. फोनवर आम्ही पाण्याबद्दल बोलतो. जुन्या शिशाच्या नळांतून शिसे पाण्यात कसे उतरते, क्लोरीन किती घालावा, हे मी तिच्याकडून शिकलो. वडिलांच्या कार्डात कृष्णेचे पाणी का असे, ते आता समजते.

तर, ते जुने कालनिर्णय. हिने ते खिळ्यावरून काढले, जुलैचे पान उलगडले आणि माझ्या लाल आकड्यांवर बोट ठेवले. आकड्याखाली पेन्सिलीचे बारीक टिंब होते. काही तारखांना होते, काहींना नव्हते.

"हा दुधाचा हिशेब ना तुझा?" मी विचारले.

"दूध मी वहीत लिहिते. ज्या दिवशी ती नीट जेवली असं आवाजावरून वाटलं, त्या दिवशी टिंब."

मी चष्मा पुसला. जुलैत टिंबे दाट होती. ऑगस्टमध्ये विरळ झाली होती. सप्टेंबरचे पान मी उलटले आणि सवयीने बोट टेकवून सुरुवात केली, "एक, दोन..."

"पुरे," ही म्हणाली. "आता मोजू नका."

तिने कालनिर्णय फडक्याने पुसले आणि पुन्हा त्याच खिळ्याला, नव्याच्या मागे, टांगले. मी पहिल्यांदाच खटला जिंकलो. म्हणजे, फिर्यादीने फिर्याद मागे घेतली.