वेरूळचा गिलावा आणि इलेक्ट्रॉनचा तरंग

१/ वेरूळच्या लेण्यांत शिरणाऱ्याची नजर शिल्पांवर खिळते. भिंतीवरच्या मातीच्या गिलाव्याकडे क्वचितच कोणी पाहतो. तो लिंपणाऱ्या कारागिराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्याचे ज्ञान मात्र त्या मातीतच दडून राहिले होते.

२/ २०१६ साली पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ एम. सिंग आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश मिसळलेले आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्याला कीड लागली, वेरूळचा मात्र बचावला. याचे श्रेय त्यांनी भांगेला दिले.

३/ त्यांच्या साधनांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकही होता. पण इलेक्ट्रॉन हा कण. कणाने पाहायचे कसे? १९२४ साली लुई डी ब्रॉग्ली यांनी प्रतिपादन केले, की गतिमान कणाला तरंगाचेही रूप असते. १९२७ साली डेव्हिसन आणि जर्मर यांना निकेलच्या स्फटिकावरून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांत त्याचा पुरावा मिळाला.

४/ तरंगलांबी म्हणजे दोन लगतच्या शिखरांमधील अंतर. कणाचा वेग वाढला की ती आखूड होते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. २० हजार व्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची ०.००९ नॅनोमीटरहूनही कमी. म्हणूनच त्याचा झोत अतिसूक्ष्म बिंदूवर एकवटता येतो आणि प्रकाशाला न दिसणारे बारकावे उलगडतात.

५/ आयाम म्हणजे तरंगाची उंची. पाण्याची लाट जितकी उंच, तितकी तिची ऊर्जा अधिक. येथेच अनेकांची गल्लत होते: आयाम मोठा म्हणजे इलेक्ट्रॉन अधिक जोरकस, असे त्यांना वाटते. तसे नाही. इलेक्ट्रॉनचा जोर तरंगलांबी सांगते.

६/ मग आयाम काय सांगतो? १९२६ साली मॅक्स बॉर्न यांनी उत्तर दिले: आयामाचा वर्ग म्हणजे कण त्या जागी सापडण्याची शक्यता. आयाम दुप्पट, तर शक्यता चौपट. जेथे एका तरंगाचे शिखर दुसऱ्याच्या तितक्याच खोल दरीवर येते, तेथे आयाम शून्य होतो आणि इलेक्ट्रॉन पोहोचतच नाही.

७/ एकटा इलेक्ट्रॉन नेमका कोठे आदळेल, हे आधी सांगता येत नाही. असंख्य इलेक्ट्रॉन आदळले, की शक्यतांमधून चित्र उभे राहते. अशाच चित्रांनी त्या अनामिक कारागिराच्या शहाणपणाची साक्ष दिली. मातीत काय कालवायचे, हे त्याला शतकांपूर्वीच ठाऊक होते.