पाऊण मिलिमीटर

शाळेच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज मी महिन्यातून एकदा तरी मागून आणतो. विज्ञानाच्या बाई आता कारण विचारत नाहीत. गेल्या आठवड्यात त्यात माझ्या एका विद्यार्थिनीनं घरी बनवलेलं गिटारचं पिक धरलं. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचा कोपरा कात्रीनं तिकोनी कापलेला, टोक उंबऱ्याच्या दगडावर घासून गोल केलेलं. माप आलं ०.७६ मिलिमीटर. बँकेची कार्डं सगळीकडे याच जाडीची असतात, तसं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. आणि दुकानात ‘मीडियम’ म्हणून मिळणारं एक नेहमीचं पिक ०.७३ चं असतं. पोरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. हाताला बरं वाटलं म्हणून तिनं ते कापलं होतं.

आमच्या राजूरला पेढे मागाल तेवढे मिळतात, पिक मात्र मी नाशिकहून आणतो. इथे ‘पिक’ म्हटलं की आधी भातच डोळ्यांसमोर येतो. “पिक पातळ आहे की जाड?” असं मी एकदा त्या विद्यार्थिनीच्या अंगणात विचारलं, तर तिच्या आजोबांनी आतून उत्तर दिलं की औंदा लावणी दाट झालीय.

मी स्वतः गिटार शिकलो ते कॉलेजात असताना, नाशिकला. पहिलं पिक हातात आलं ते ०.४६ चं, नायलॉनचं. पातळ घे, सोपं जाईल, असं सगळ्यांनीच सांगितलं. सोपं गेलंही. वरून खाली सहाही तारांवर हात फिरवला की पिक आपणच वाकतं, तारांवरून सरकतं, कुठे अडत नाही. बारा वर्षं मी तसाच वाजवत राहिलो. एकेक सूर काढून चाल वाजवायला गेलो की मात्र काहीतरी बिनसायचं. पिकाची ‘टक्’ आधी ऐकू यायची आणि सूर तिच्या मागून, पोकळ. खर्जाच्या जाड तारांवर तर फार. मी गिटारला दोष देत होतो, तारांना देत होतो, इथल्या पावसाळी हवेलाही देत होतो.

कारण साधं होतं, पण मोजल्याशिवाय दिसलं नाही. माझ्या गिटारची पहिली तार ०.३० मिलिमीटरची आहे, सहावी जवळजवळ १.३५ ची. ०.४६ चं पिक पहिल्या तारेपेक्षा जाड, पण सहाव्या तारेच्या निम्म्याइतकंही नाही. ती तार त्याला जुमानेल कशी? तार ताणली जाण्याआधीच पिक वाकून निसटतं. तारेला हवा तेवढा झोल मिळत नाही, म्हणून खर्ज भरत नाही. उरते ती प्लास्टिकची फटकार. संथ गाण्याच्या मागे नुसती लय धरायची असेल तर हीच फटकार गोड लागते, खंजिरीसारखी साथ देते, हेही खरं. पातळ पिकाला मी वाईट म्हणत नाही. पण त्यावर हात घडवू नये, एवढं मात्र आता ठामपणे म्हणतो.

जाडी थोडी वाढली की ताठरपणा थोडा वाढतो, असाही माझा समज होता. तो हिशेब घनाचा आहे. एकाच मालाची, एकाच आकाराची दोन पिकं घ्या, एक ०.५० चं आणि एक १.०० चं. जाडी दुप्पट, पण वाकायला लागणारा जोर आठपट. ०.४६ वरून ०.७३ वर गेलात तर चौपट. डोळ्याला न दिसणारा फरक अंगठ्याला लगेच कळतो, तो यामुळेच.

हे कळायच्या आधी मी नाशिकच्या एका फेरीत १.१४ चं जांभळं पिक घेऊन आलो होतो. आवाज भरेल अशी आशा होती. झालं उलटंच. पिक तारांत अडकायला लागलं, हात मध्येच थबकायचा, पहिली तार दोनदा तुटली. त्याच दिवसांत मित्राकडे लग्नानंतरचा गोंधळ होता. लाईट गेलेली, संबळ बाजूला ठेवलेला, आणि पोरांच्या हट्टापायी मी गिटार काढून बसलो. शेजारी तुणतुणं घेऊन एक म्हातारे गोंधळी बसले होते. त्यांच्या हातात लाकडाचा छोटासा तुकडा होता, पेन्सिलीएवढा जाड. वाकण्याचा प्रश्नच नाही. तरी त्यांचं तुणतुणं कधी कुजबुजत होतं, कधी खणखणत होतं. मी वाजवणं थांबवून बघत राहिलो. लाकूड तारेत खोल जात नव्हतं, नुसतं टेकून निघत होतं. मनगट मात्र प्रत्येक आघाताला सैल पडत होतं, ओल्या कापडासारखं.

त्यांनीही माझ्या हाताकडे पाहिलं. “मास्तर, अंगठा पांढरा पडलाय तुमचा.”

खरंच पडला होता. नखाखालचं रक्त सरलं होतं इतकं मी ते पिक दाबून धरलं होतं.

त्या एका वाक्यावर मी पुढची दोन वर्षं काढली. तार आणि हात यांच्यामध्ये कुणाला तरी नमावं लागतं. पातळ पिक स्वतः नमतं, म्हणून हात ताठ राहिला तरी भागतं, आणि ताठपणाची सवय लागून जाते. जाड पिक नमत नाही, तिथे मनगटाला नमावं लागतं. मी बारा वर्षं पिकाकडून करून घेतलेलं काम आता हाताला शिकवत होतो. पिकाचं टोक बोटांबाहेर तीन-चार मिलिमीटरच ठेवायचं. ते तारेला सपाट न लावता किंचित तिरकं लावायचं, म्हणजे कड सरकून निघते. फार तिरकं केलं तर गुंडाळीच्या तारांवर खरखर येते, तीही ऐकून सांभाळायची. टोक गोल असेल तर सूर मऊ आणि गडद, अणकुचीदार असेल तर उजळ. कारण रुंद टोक तारेला एका बिंदूत धरत नाही, आणि बारीक, उंच स्वरांश तिथेच दबतात.

मेंडोलिनवाल्यांना हे आधीपासून ठाऊक असावं. लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मेंडोलिन वाजवत. त्या वाद्यावर सूर लांबवायचा तर जोडतारांवर पिक झपाझप वर-खाली फिरवावं लागतं. लवचिक पिकाला दर फेरीत वाकून सरळ व्हायला वेळ लागतो आणि सूर पुसट होतो. म्हणून पुष्कळ मेंडोलिनवादक जाड पिक पसंत करतात.

उत्तम पिक पूर्वी हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या कवचाचं समजलं जाई. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी’आंद्रेआ यांनी सेल्युलॉइडचे पत्रे कापून पिकं काढायला सुरुवात केली. १९७० च्या दशकात कासवाच्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, आणि १९८१ मध्ये डनलॉपचं टॉर्टेक्स पिक आलं, तशाच स्पर्शाचं, जाडीगणिक वेगळ्या रंगाचं. पिवळं ०.७३ चं, हिरवं ०.८८ चं. ती कासवं वाचावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून त्या जुन्या कवचाच्या पिकाची हळहळ मी करत नाही. आपल्याकडे सरोदवादक नारळाच्या करवंटीचा जवा, म्हणजे त्यांचं पिक, वापरत आलेच आहेत, आणि करवंटी आमच्याकडेही देवळापुढे पडलेली असते.

सध्या करवंटीचं पिक बनवणंच चाललं आहे. एटीएम कार्डवाली ती विद्यार्थिनी रविवारी दोन करवंट्या घेऊन आली. करवंटी मापली तर साडेतीन मिलिमीटर निघाली. करवतीच्या पात्यानं तिकोन कापला, आतली बाजू कानशीनं सपाट केली. शेवटचा हात कसा फिरवायचा ते तिच्या वडिलांनी दाखवलं. पोळ्याआधी डांगी बैलांची शिंगं साळतात तसा काचेचा तुकडा एकाच दिशेनं ओढायचा, मग पॉलिश पेपर. तपकिरी भुकटी तिच्या युनिफॉर्मवर सांडली. मधला भाग दोन मिलिमीटरला थांबवला आणि टोकाकडे उतार देत देत एकपर्यंत आणलं.

तिनं सहावी तार छेडली. कार्डाच्या पिकाची टक् गेली होती. खर्ज खोलीभर पसरला, आणि ओसरीवर बसलेल्या आजोबांनी मान वळवून आत पाहिलं. मग ती पहिल्या तारेवर आली आणि पिक अडकलं. मी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. नख गुलाबीच होतं. म्हणजे चूक हाताची नव्हती. पिक उजेडात धरलं तर एका कडेला केसाएवढा खवला राहिला होता.

“सर, अजून थोडं घासू?” तिनं विचारलं, आणि पॉलिश पेपर आधीच मांडीवर पसरला होता.